सहानुभूतीचा तास

मुलांस सहानुभूति शिकविण्याकरितां हल्लीं कित्येक बालवर्गांत व प्राथमिक शाळांत स्वतंत्र तास ठेवितात. हेतु स्तुत्य खरा. पण दया पाढ्यांसारखी घोकून येते काय? आमच्या करवीरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून त्यांचीं मुलें इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम काढिला. हुकुमानें मनें जुळत नाहींत, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाहीं. तें काम शिक्षकाचें. ओशाळलेल्या मुलाशीं तो कसा बोलतो, हें सारा वर्ग पाहत असतो. परंतु आज फीच्या आकड्यानें मुलें पुन्हां निराळ्या शाळांत वांटलीं जात आहेत. जो शेजारींच नाहीं, त्याचें दुःख ओळखण्यास आम्ही किती तास ठेवणार?