लपवावे काय, सांगावे कधी?



आपली मुले हॅरी पॉटरची पुस्तके वाचतात, चित्रपट तर टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहतात. जादूटोण्याची गोष्ट म्हणून काही पालक नाराज असतात. जादू क्षणभर बाजूला ठेवू. त्या गोष्टीत डंबलडोर नावाचे एक वृद्ध मुख्याध्यापक आहेत. एका अनाथ मुलाला ते मोठ्या लढाईसाठी तयार करतात. पण ती लढाई त्याच्याच वाट्याला का आली, हे सांगत नाहीत. अकरा वर्षांचा हॅरी सरळ विचारतो, तेव्हा ते उत्तर टाळतात. लहान आहे, आणखी थोडे दिवस सुखात राहू दे, हा त्यांचा विचार. २००३ साली आलेल्या पाचव्या भागात हॅरीचा धर्मपिता प्राणाला मुकतो, तेव्हा कुठे ते कबूल करतात की सांगायला फार उशीर झाला. तरीही सर्वांत जड गोष्ट ते मागेच ठेवतात. शत्रूचा नाश व्हायचा तर आपल्याला मरणाला सामोरे जावे लागेल, हे हॅरीला २००७ च्या शेवटच्या भागात कळते, तेही डंबलडोर वारल्यानंतर, दुसऱ्याच्या आठवणींतून.

त्यांचे प्रेम खोटे नव्हते. आपल्या बीड जिल्ह्यात तर असे प्रेम घरोघरी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा. मुलगा आजीजवळ नाहीतर वसतिगृहात. "तू फक्त शिक, बाकीचं आम्ही बघतो," असे बाप म्हणतो आणि उचलीचा आकडा सांगत नाही. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते. मग एखाद्या वर्षी बापाची कंबर धरते आणि त्याच मुलाच्या हाती कोयता येतो. आकडा त्याला त्या दिवशी कळतो, मुकादमाच्या तोंडून.

आता एक खराखुरा पालक पाहा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन कॅथलिक होते. वडील आधीच गेलेले. १९०४ मध्ये आई वारली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. बर्मिंगहॅमचे फादर फ्रान्सिस मॉर्गन त्यांचे व धाकट्या भावाचे पालक झाले. आईची पुंजी ८०० पौंडांची, पुरणारी नव्हती. फादरांनी गाजावाजा न करता स्वतःच्या उत्पन्नातून भर घातली. पुढे एडिथ नावाच्या मुलीपायी अभ्यास मागे पडतो आहे असे दिसताच मात्र त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितले: एकवीस पूर्ण होईपर्यंत भेट नाही, पत्र नाही. कडक झाले खरे, आज आपण कदाचित इतके ताणणार नाही. पण फादरांनी आपले देणे लपवले, मुलावर येणारे ओझे लपवले नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायात, प्रभू शिष्यांना सांगतो की अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण ते तुम्हाला आता पेलवणार नाही. म्हणजे थांबणे प्रभूलाही ठाऊक होते. पण त्याच रात्री तो त्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. लोक तुम्हाला सभास्थानाबाहेर काढतील, तुमच्या जिवावर उठतील, हेही त्याच रात्री सांगून टाकतो. त्यांच्या अंगावर जे येणार होते, ते दुसऱ्याच्या तोंडून कळू दिले नाही.

यंदा टोळी निघण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी. उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे मुलाला, आणि मुलीलाही, सांगावे. आठवीतल्या मुलांना हिशेब कळतो. घाबरतील, रडतीलही, आपण जवळच असू.

पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभूने पेत्राला आधी खाऊ घातले. मग तो कशा मरणाने मरेल, म्हातारपणी त्याला कोण बांधून नको तिथे नेईल, ते सांगितले. आणि हे सांगून झाल्यावरच त्याला आपल्या मागे बोलावले.