यादी आणि मूल्यनिर्णय

समीक्षेतील मूल्यनिर्णय हा एरवी निरुपद्रवी व्यवहार असतो. एखादा कवी दुय्यम ठरला म्हणून त्याचा प्राण जात नाही. १९४० च्या मार्सेयमध्ये मात्र तो जाऊ शकत होता. जूनमधील युद्धविरामाच्या १९ व्या कलमाने, जर्मनी मागेल त्या जर्मन निर्वासिताला स्वाधीन करण्याचे बंधन फ्रान्सवर आले. ऑगस्टमध्ये व्हेरियन फ्राय हा अमेरिकन पत्रकार, न्यूयॉर्कच्या इमर्जन्सी रेस्क्यू कमिटीने दिलेले ३,००० डॉलर आणि सुमारे २०० नावांची यादी घेऊन तेथे पोहोचला. यादीसाठी नावे सुचविणाऱ्यांत टोमास मान होते, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे आल्फ्रेड बार होते. थोडक्यात, ती वाङ्मय-कलेच्या जाणकारांनी केलेली निवड होती.

'ट्रान्सअटलांटिक' (२०२३) ही नेटफ्लिक्सवरील ७ भागांची मालिका याच घटनांवर बेतलेली आहे. तिला ज्यूली ऑरिंजर यांच्या कादंबरीचा आधार आहे. तिच्या झगमगाटाविषयी तक्रार करणे सोपे आहे. पण बेल-एअर बंगल्यातील अतिवास्तववाद्यांचे खेळ इतिहासातही घडलेच होते. भीतीच्या छायेत माणसे हसतात, यात अनैतिक काही नाही. खरी अडचण वेगळीच आहे. यादीला पडलेला प्रश्न ही मालिका स्वतःला विचारीत नाही.

तो प्रश्न फ्रायच्या कचेरीत रोज उभा राहत असे. अनोळखी माणूस येऊन आपण चित्रकार असल्याचे सांगे. मग मिरियम डेव्हनपोर्ट त्याला जुन्या बंदरावर जाऊन एक रेखाटन करून आणायला सांगत. रेखाटन पाहून निर्णय होई. कलेच्या स्वायत्ततेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. रेषेच्या गुणवत्तेवर माणसाचे जगणे अवलंबून असण्याची ही शक्यता त्या वादात कोणी विचारात घेतल्याचे दिसत नाही.

याचा दोष फ्रायकडे जात नाही. अमेरिकेचे तातडीचे व्हिसा मुख्यतः नामवंतांसाठीच होते. निकष दाराने ठरविला होता, दारापाशी उभ्या असलेल्याने नव्हे. शिवाय मेरी जेन गोल्ड यांच्या पैशामुळे यादीबाहेरच्यांनाही मदत मिळाली. तेरा महिन्यांत सुमारे २,००० माणसे निसटू शकली, ती २०० ची यादी ओलांडूनच.

मालिका मात्र पुन्हा नामवंतांकडे वळते. बेंजामिन, आरेंट, एर्न्स्ट, शगाल यांना चेहरे मिळतात. रांग ही रांगच राहते. आणि येथे एक सूक्ष्म अन्याय होतो. हॅना आरेंट यांची कीर्ती तेव्हा व्हायचीच होती. बेंजामिन १९४० च्या सप्टेंबरमध्ये पोर्टबू येथे मरण पावले आणि त्यांचे लेखन खऱ्या अर्थाने वाचकांपर्यंत गेले ते १९५५ नंतर. प्रेक्षक त्यांना पुढल्या थोरवीसकट पाहतो आणि सुटकेचे समर्थन त्या थोरवीत शोधू लागतो. पुढे आरेंट यांनी एकही ओळ लिहिली नसती, तर त्यांना पिरेनीज ओलांडू देणे कमी योग्य ठरले असते काय?

बिल स्पिरा या व्हिएन्नाच्या व्यंगचित्रकाराने फ्रायसाठी कुंचल्याने सरकारी शिक्के हुबेहूब उठविले. त्या रेषेवर अनेक माणसे सीमा ओलांडून गेली. तो स्वतः पकडला गेला आणि त्याला ऑशविट्झला पाठविण्यात आले. तेथून तो जिवंत परतला. पण त्यात कोणत्याही यादीचा हात नव्हता.