व्यापाऱ्याची अहिंसा

हिंसा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्र उभे राहते. परंतु कायिक, वाचिक आणि मानसिक असे तिचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांचा विचार केला म्हणजे ध्यानात येते की पेढीवर बसून, वहीतील एका आकड्याच्या फेरफारानेही, शेकडो जीवांस पीडा देता येते. ती साचत गेली की कलह पेटतो. म्हणून धनिकाची परीक्षा करताना त्याने दान किती केले हे नंतर पाहावे. ज्याच्याशी त्याचा पैशाचा तंटा आहे, त्याच्याशी तो कसा वागला हे आधी पाहावे.

अहमदाबादचे शेठ अंबालाल साराभाई यांचे उदाहरण या दृष्टीने चिंतनीय आहे. 1915 मध्ये कोचरबच्या आश्रमात अस्पृश्य मानलेल्या एका कुटुंबास स्थान दिल्यामुळे गांधीजींना मिळणारे साहाय्य आटले, तेव्हा एका धनिकाने नाव न सांगता 13,000 रुपये आणून दिले. ते अंबालालच होत, असे मानले जाते. हे दान थोर खरेच. पण तीन वर्षांनी आलेला प्रसंग याहून कठीण होता.

1917 च्या प्लेगात विणकरांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी त्यांस जादा भत्ता दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी मजुरीत 50 टक्के वाढ मागितली, मालक 20 वर अडले, आणि चौकशी करून गांधीजींनी 35 टक्के योग्य ठरविले. 22 फेब्रुवारी 1918 रोजी गिरण्यांना टाळी लागली. मालकांचे अग्रणी अंबालाल आणि कामगारांच्या कैवारी त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन! मालकांचे म्हणणे असे की, आमचे नाते पिता-पुत्रांचे आहे, त्यात तिसऱ्याचे काय काम? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे; परंतु ज्या घरात पित्याच्याच हाती तराजू आणि पित्याच्याच हाती वही, तेथे पुत्राने दाद कोणाकडे मागावी?

15 मार्चला गांधीजींनी उपवास आरंभिला. या उपवासाने मालकांवर दडपण आले, हा त्यातील दोष होय, हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. म्हणून सारे श्रेय मालकांच्या हृदयपालटास देणे सत्यास धरून होणार नाही. तरीही 18 मार्चला जे घडले ते लहान नव्हे. मालकांनी पंच स्वीकारला. प्रा. आनंदशंकर ध्रुव पंच नेमले गेले. पहिल्या दिवशी 35, दुसऱ्या दिवशी 20 आणि तेथून निवाड्यापर्यंत साडेसत्तावीस टक्के वाढ द्यावयाची, असे ठरले. निवाडा 35 टक्क्यांचा झाला. जो आपल्या धनाविषयीचा निर्णय दुसऱ्याच्या मुखाने ऐकण्यास सिद्ध होतो, त्याने लोभाहून सूक्ष्म असा अहंकार सोडलेला असतो. दान देताना देणारा उंचच राहतो. पंचापुढे त्यास मजुराच्या शेजारी बसावे लागते.

1920 मध्ये मजूर महाजन स्थापन झाले आणि गांधीजी व शेठ मंगळदास गिरधरदास यांचे पंचमंडळ नेमले गेले. यानंतर कलह संपला असे मात्र नव्हे. 1923 मध्ये मालकांनी मजुरी कापली आणि मोठा संप झाला. पंचाची परंपरा ही एकदा लावून विसरण्याची वेल नव्हे. तिला दरवर्षी पाणी घालावे लागते, आणि ते घालण्याचा भार ज्याच्याकडे बळ अधिक त्याच्यावर अधिक.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, काहींची बाजारात आडत आहे. हंगाम सुरू झाला की हमालीच्या दरावरून बोलाचाली होते, आणि एखाद्या वर्षी ती हातघाईवर येते. तेव्हा पंच शोधू गेल्यास कोणावरच कोणाचा विश्वास उरलेला नसतो. या वर्षी पहिली गाडी बाजारात येण्यापूर्वीच, पंच म्हणून कोणास बसवावे हे आडत्यांनी हमालांना विचारावे, आणि ते जे नाव सांगतील ते ऐकून घ्यावे.