रुसायला घर लागतं

अनाथ मूल म्हटलं की आपल्यासमोर अनाथाश्रम येतो, पाळणा येतो, फार तर दत्तक घ्यायला आलेलं पुण्या-मुंबईचं एखादं जोडपं येतं. अक्कलकुवा तालुक्यातलं खापर हे गाव बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ आहे. तिथे हे चित्र लागू पडत नाही. या मुलखात आईबाप गेले की पोर मामाकडे जातं, काकाकडे जातं, आजी धडधाकट असेल तर तिच्याकडे. बहुतेकदा कुणी अर्ज करत नाही, बालकल्याण समितीपुढे उभं राहत नाही. चुलीवर एक भाकर जास्त पडते, एवढंच. सरकारला जे अजून नीट जमलेलं नाही ते इथला आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. त्याला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

अडतं ते पुढे. चार-पाच वर्षांचं पोर कुठल्याही घरात रुळतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलानं उलटून बोलायचं असतं, जेवणावर रुसायचं असतं, ‘मला नाही यायचं शेतात’ म्हणून खाटेवर पडून राहायचं असतं. नेमकं त्याच वयात या मुलाला उमगतं की घर आपलं नाही. मामी तोंडानं तसं कधी म्हणालेली नसते. पण रुसायलासुद्धा हक्काचं घर लागतं. मग हा मुलगा न सांगता पाणी भरतो, गुरं सोडतो, मामेभावाला नवी चप्पल आली की तिच्याकडे बघायचं टाळतो. लोक म्हणतात, पोरगा गुणाचा आहे. मला त्या गुणाची भीती वाटते.

कारण दिवाळीच्या सुमारास गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खर्च झालेली असते. शाळेत मुलाला ठेवायचं की भाच्याला, हा प्रश्न घरात कुणाला विचारावाच लागत नाही. भाचा आपणहून कोयता उचलतो. मुलीच्या बाबतीत ‘हात पिवळे केले की आम्ही सुटलो’ हे वाक्य अठराच्या आधीच ऐकू येतं.

आश्रमशाळा हा मोठाच आधार. तिथे सगळीच पोरं घरापासून लांब असतात, त्यामुळे एकाचं पोरकेपण उठून दिसत नाही. ते दिसतं सुट्टी लागते त्या दिवशी. पेट्या बाहेर येतात, कुणाचा बाप मोटरसायकलवर येतो, कुणाची आई जीपमधून उतरते. आणि एखादी मुलगी पेटी न भरता ताईंना विचारते, मी इथंच थांबले तर चालेल का?

सरकारनं काहीच केलेलं नाही असं नाही. बालसंगोपन योजनेत 2023 पासून महिन्याला 2250 रुपये मिळतात. मूल उचलून संस्थेत न नेता ते आहे त्याच घरात पैसे द्यायचे, ही कल्पनाच मुळात शहाणपणाची. पण त्यासाठी मृत्यूचे दाखले लागतात. ऊसतोडीला गेलेला बाप परराज्यात वारला असेल, तर त्या कागदासाठी तिथे खेटे घालायचे कुणी? जात पडताळणीचं आणखी अवघड. पुरावे लागतात बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचे, आणि पोर वाढलेलं असतं मामाकडे. काकाशी बोलणं तुटलेलं असेल तर हाडाचा आदिवासी मुलगा कागदावर आदिवासी ठरायला धडपडतो. शिवाय मरणाचं कारणही महत्त्वाचं ठरतं. कोरोनात दोन्ही पालक गेलेल्यांच्या नावे राज्यानं 5 लाखांची ठेव ठेवली. ठेवायलाच हवी होती. पण या भागात माणसं क्षयानं जातात, सिकलसेलनं जातात, उसाच्या ट्रॅक्टरखाली जातात. त्यांच्या पोरांचं पोरकेपण काही हलकं नसतं.

2015च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या आधाराची तरतूद आहे, पण ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. मामाच्या घरातून बाहेर पडणाऱ्याला तिचा उपयोग नाही. इंग्लंडनं 2014 साली कायदा करून पालक-कुटुंबात वाढलेल्या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहण्याची सोय केली. आपल्याकडे मामा भाच्याला अठराव्या वाढदिवशी घराबाहेर काढत नाही. थांबतात ते बालसंगोपनाचे पैसे.

ते थांबतात कधी, तेही बघा. खेड्यापाड्यांत जन्माची नोंद नसलेल्या किती मुलांची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लिहिलेली आहे. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेला असा मुलगा बारावी होतो तेव्हा कागदावर बरोबर अठराचा होतो. म्हणजे निकाल हाती येतो, नंदुरबारला किंवा धुळ्याला प्रवेश घ्यायचा असतो, खोलीचं भाडं आगाऊ द्यायचं असतं, त्याच महिन्यात 2250 रुपये बंद. पैसे बंद होण्याची ही तारीख पुढे ढकलून पदवीपर्यंत, नाहीतर आयटीआय पुरं होईपर्यंत नेली, तर भाच्याला मामाकडे हात पसरावा लागणार नाही, आणि मामालाही नाही म्हणावं लागणार नाही.