काच आणि तिला धरणारं

वऱ्हाडातल्या आमच्या कारंज्यात कुणालाही जुनं घर विचारा, तो आधी कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतो. उंटांवर लादून आलेली कस्तुरी कुणी घेईना, तेव्हा इथल्या एका धनवंताने ती सगळीच्या सगळी विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात मिसळून टाकली, अशी ही आख्यायिका. गावाला ती तोंडपाठ आहे, आणि असावीच. पण ज्यांना गोष्ट नाही अशीही घरं आहेत. जाड भिंती, सागवानी चौकटी, आणि दारावरच्या अर्धगोल कमानीत बसवलेल्या लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचा. सकाळचं ऊन त्यातून ओसरीवर उतरतं आणि झाडलोट करणाऱ्या बाईच्या पदरावर क्षणभर रंग टाकून पुढे सरकतं. आज त्या काचांविषयी बोलायचं आहे.

वऱ्हाडातल्या घरांवर ही हौस कापसाच्या पैशाने चढली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या बाजारात सोन्याचा भाव आला. त्याच तेजीत प्रेमचंद रायचंदांनी अफाट पैसा केला. त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभा राहिला. १८७८ मध्ये काम पुरं झालं, आणि तिथल्या खिडक्यांना रंगीत काचा लागल्या. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला, कारंज्यावरून धावू लागली. कापूस मुंबईच्या वाटेला लागला आणि मुंबईत पाहिलेल्या गोष्टींची आवड गावात आली. तेव्हा अशी काच परदेशातूनच यायची. बेल्जियमचं नाव त्यात मोठं, म्हणून जुनी माणसं प्रत्येक रंगीत तावदानाला अजूनही ‘बेल्जियमची काच’ म्हणतात. म्हणजे राजाबाई टॉवरची खिडकी आणि कारंज्याच्या दारावरची कमान या एकाच सरकीतून उगवल्या, असं मला नेहमी वाटतं.

दोन्हीकडची बांधणी मात्र वेगळी. मुंबईच्या त्या खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख दिलेला असतो. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात, दरबार हॉलमध्ये, अशाच काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. आपल्याकडच्या साध्या घरांत शिशाचं काम विरळा. इथे काच लाकडी नक्षीच्या खाचेत बसते, मागून बारीक चुका ठोकतात आणि कडेने लांबी भरतात. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, हाताने मळून मळून केलेली. चटणीला जवस, तोच खिडकीलाही. ते तेल हवेने हळूहळू आळतं, घट्ट होतं, आणि नीट भरलेली लांबी पिढीभर काच सोडत नाही.

मग काच फुटते कशी? आमच्याकडच्या कमानीतलं तावदान तडकलं तेव्हा मी पोरांच्या चेंडूवर संशय घेऊन मोकळा होत होतो. शेजारचे सुतारकाका शिडीवर चढले, कमानीच्या बुडाशी अंगठा दाबला, आणि अंगठा लाकडात रुतला. वरूनच म्हणाले, “काचेले काय होते भाऊ? लाकूड दबलं, म्हून थे तडकली.”

तेच खरं आहे. काच सहसा थकत नाही. शंभर वर्षांपूर्वीची निळी काच आजही तेवढीच निळी, कारण तिचा रंग वरून लावलेला नाही, वितळलेल्या काचेतच कोबाल्ट मिसळलेला आहे. थकतं ते तिला धरणारं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, लांबीतलं तेल सुकतं, ती भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगेतून खालच्या पट्टीत मुरतं, लाकूड कुजतं, वाळवी वाट शोधते. चौकट खचली की वरचा भार काचेवर येतो. शिसं असेल तर तेही वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने थकतं आणि खिडकीला पोट सुटतं. शेवटी जी फुटते तिच्यावर सगळ्यांची नजर जाते. धरून ठेवणारं कधीपासून झिजत होतं, ते कुणी पाहिलेलं नसतं.

आमच्या एक काकू पाहायच्या. पावसाळा संपला की स्टुलावर उभ्या राहून एकेका तावदानाच्या कडेवरून बोट फिरवायच्या, आणि जे किंचित हलेल त्याच्याखाली खडूने फुली मारायच्या. दिवाळीच्या आत सुतार येऊन तेवढीच लांबी भरून जायचा. कुणी त्यांना हे काम दिलं नव्हतं. घरातल्या चुलत भावांची भांडणंसुद्धा त्या अशीच, हलायला लागायच्या आधी हात लावून, धरून ठेवायच्या. त्या गेल्या. वाटण्या झाल्या, कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या घरांचं असंच झालंय: घर सामाईक, किल्ली एकाकडे, आणि खर्च कुणी करायचा हे दहा वर्षं ठरत नाही. रंगीत काचा विकत घेणारे मात्र दारावर वेळेवर येतात.

दुरुस्तीच्या नावाखाली काय काय होतं ते पाहून जीव तुटतो. फुटलेल्या जागी साधी काच बसवून तिला ऑइलपेंट फासतात. ऊन त्यातून येतच नाही, नुसता डाग दिसतो. कुणी कडेने सिमेंट भरतो. सिमेंट जागचं हलत नाही आणि लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, मग पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत शेजारची शाबूत काचही जाते. सर्वांत वाईट म्हणजे एक फुटली म्हणून सगळ्याच काढून एकसारख्या नव्या छापील काचा लावणं.

त्यापेक्षा आधी कमानीचा फोटो काढावा. मोठा कागद लावून पेन्सिलीने घासून तिचा ठसा घ्यावा. प्रत्येक तुकड्याला नंबर द्यावा आणि तोच ठशावर लिहावा. जुनी लांबी टवक्याटवक्याने काढावी, पटाशीची घाई करू नये. फुटलेली काच फेकू नये. पारदर्शक चिकटद्रव्याने कडेला कड जोडता येते, आणि सांध्याची बारीक रेघ दिसली तर दिसू द्यावी. शिशाचं काम असेल तर लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, स्वतःचे हातही जेवणाआधी नीट धुवावेत. त्या कामाचे जाणकार थोडे आहेत. मुंबईत स्वाती चांदगडकर यांच्यासारख्यांनी या एकाच कामाला आयुष्य दिलं आहे. पण लाकडातल्या काचेसाठी गावातला चांगला सुतार पुरतो. त्याला घाईत बोलावू नये आणि पैशात घासाघीस करू नये, एवढंच.

सुतारकाकांनी आमचं ते तडकलेलं लाल तावदान उतरवलं तेव्हा त्याची फुटलेली कड उन्हात धरून मला दाखवली. काच लाल नव्हतीच! सगळी जाडी पाण्यासारखी स्वच्छ, आणि एका अंगाला केसाएवढा लाल थर. तांब्यापासून येणारा हा लाल इतका गर्द की पूर्ण जाडीची काच तशी केली तर काळीच दिसेल. म्हणून कारागीर साध्या काचेवर लाल काचेचा पापुद्रा चढवायचे. इतकी वर्षं ते तावदान डोक्यावर होतं, पण हे कळायला ते हातात यावं लागलं. तसा तुकडा आज बाजारात सहज मिळत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही फाळक्या जोडून परत तिथेच बसवल्या. कोपऱ्यातला एक त्रिकोण चुरा झाला होता. तिथे नवी लाल काच आहे, थोडी फिक्की. हा फरक मला झाकायचा नाही. पुढे कुणी ही कमान उतरवली तर कोणती काच कोणाच्या काळातली ते त्याला कळलं पाहिजे.

यंदा बुडाची कुजलेली पट्टी बदलली, जुन्याच सागाच्या एका फळीतून काढून. बाकी चौकटीला तेल पाजलं, जवसाचंच. खर्चाचा वाटा पुण्याच्या भावाने न मागता पाठवला. वरच्या टोकाच्या निळ्या तावदानालाही एक तडा आहे. सुतारकाकांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, हलत नाही म्हणाले, आणि त्याला हात न लावता शिडी उतरले.