सातवा खेळाडू

आमच्या खर्ड्यात ‘भरती’ या शब्दाचा अर्थ एकच. पोलीस भरती, नाहीतर सैन्य भरती. पहाटे पाचला जामखेड रस्त्याला उभे राहा, अंधारात पळणारी पोरं दिसायच्या आधी त्यांचे श्वास ऐकू येतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मैदानीचे पन्नास गुण. हे आकडे गावातल्या प्रत्येक आईला पाठ आहेत.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या कबड्डी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यंदा आपल्याला तीन जणांची भरती करावी लागणार’ असा मेसेज आला, तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी सिलेक्शन झालं. मी हिंजवडीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. अभिनंदनाचा अंगठा टाकणार एवढ्यात खालचे मेसेज वाचले. भरती टीममध्ये करायची होती. बाहेरून दोन रेडर आणि एक कॉर्नर आणायचा होता, पैसे देऊन.

तोपर्यंत आमची टीम ‘एक गाव, एक संघ’ अशा स्पर्धा खेळायची. आधार कार्ड दाखवायचं, सातही जण एकाच गावचे असायला हवेत. मैदान मुरमाचं, दोन बाजूंना हॅलोजन, बक्षीस फारतर अकरा हजार. अशा दोन स्पर्धा लागोपाठ जिंकल्यावर पोरांना वाटायला लागलं की आता वरच्या पायरीवर जायचं, म्हणजे खुल्या गटात. तिथे खेळाडू कुठूनही आणता येतो, सामने मॅटवर होतात, पहिलं बक्षीस एक्कावन्न हजार असतं आणि यूट्यूबवर लाइव्ह दिसतं.

ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललं. एक जण म्हणाला, ‘खुल्या गटात आपली पोरं घेऊन गेलो तर पहिल्याच मॅचला दोन लोण बसतील.’ दुसरा म्हणाला, ‘बसू द्या की, शिकतील.’ तिसरा म्हणाला, ‘खेळाडूवर पैसे घालण्यापेक्षा मॅट घ्या, सकाळी शाळेच्या पोरीपण खेळतील.’ एका तात्यांनी व्हॉइस नोट टाकली, ‘आरं, भाड्यानं आणलेल्या पोरांनी जिंकून दिलं तर नाव गावाचं का त्यांचं?’ त्यांना उत्तर कुणी दिलं नाही, नुसते हसण्याचे इमोजी आले. शेवटी पोल घेतला. मी ‘हो’ला मत दिलं आणि पाच हजार रुपये फोनवरून पाठवले. सगळ्या प्रकाराला माझी दोन मिनिटं गेली.

त्याच सुमारास माझ्या प्रोजेक्टवरचा अमेरिकेतला एक सहकारी कॉल सुरू व्हायच्या आधी रोज हाच विषय काढायचा. त्याचा देश वेगळा आणि खेळही वेगळा. तिकडे कॉलेजांच्या टीमची विभागणी असते, डिव्हिजन एक, दोन, तीन. तिसरीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पहिलीतल्या मोठ्या टीमच्या स्टेडियममध्ये लाख लाख माणूस बसतं. त्याचं जुनं कॉलेज वर जायच्या विचारात होतं आणि माजी विद्यार्थ्यांमध्ये जुंपली होती. नवं स्टेडियम आधी की चांगले खेळाडू आधी? वर जाऊन हरायचं, की खाली राहून जिंकायचं? २०२१ पासून तिथल्या कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि २०२५ पासून कॉलेजही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलतात. तो वैतागून म्हणाला, ‘आमच्याकडे वर्षभर खेळलेला पोरगा पुढच्या वर्षी आमच्याच विरुद्ध उतरला. मी टाळ्या कुणासाठी वाजवतो, जर्सीसाठी?’

मला हसू आलं. मग आमच्या तात्यांची व्हॉइस नोट आठवली आणि हसू थांबलं. दोघांचा प्रश्न एकच होता.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? प्रो कबड्डीत हेच तर चालतं. बरोबर आहे. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. कर्णधार होता आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं, तेव्हा मी रूमवर ओरडलो होतो. शादलुईने पकड केली की ‘आपला शादलू’ म्हणत होतो. पुढच्याच हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि त्यांच्याकडून विजेता झाला. मला वाईट वाटलं नाही. तिथे सगळ्यांनाच ठाऊक असतं की हा करार आहे. टीव्हीवर बघताना ‘आपला’ हा शब्द स्वस्त असतो, त्यासाठी कुणाला घरी बसावं लागत नाही. निदान माझ्या ओळखीच्या कुणाला तरी नाही.

गावात मात्र सात जागा असतात. तीन बाहेरचे आले की आपले तीन बाहेर बसतात.

त्या तिघांत माझा चुलतभाऊ होता. डावा कॉर्नर, वय एकवीस, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षं तो त्या जागेवर खेळत होता. बाहेरचा कॉर्नर त्याच्यापेक्षा चांगला होता, यात वाद नाही. आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि हरलो. दुसरं बक्षीस एकतीस हजार मिळालं. तीन खेळाडूंचे एका रात्रीचे तीस हजार झाले होते, गाडीचं डिझेल वेगळं. पहाटे चारला ते तिघं त्याच गाडीने परत गेले. त्यांनी काही वाईट केलं नाही, ठरल्याप्रमाणे जीव लावून खेळले. एकाच्या कोपराचं सालपट निघालं होतं, तरी तो उतरला.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, ‘दादा, तू पैसे दिलेस म्हणून तुलाच विचारतो. मी कमी पडलो असेल तर पडलो. पण मला कुणी सांगितलंच नाही. मी किट घालून गेलो होतो.’

यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या रात्रीच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत काडीची किंमत नाही, हे त्यालाही माहीत आहे. खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या, अधिकृत स्पर्धांमधली कामगिरी लागते. तिथे पोचायचं तर आधी जिल्ह्याच्या निवड चाचणीत दिसावं लागतं आणि चाचणीत दिसायचं तर आधी कुठेतरी मोठ्या रेडरला पकडायची सवय व्हावी लागते. ती सवय खुल्या गटाच्या मॅटवरच होते. म्हणजे ज्या पायरीवर चढायला त्याला आमची टीम उपयोगी पडली असती, त्याच पायरीवर टीम चढली आणि त्याला खाली ठेवून गेली.

मग बाहेरचा घेऊच नये का? मला आधी हेच उत्तर सोपं वाटलं. गावची टीम, गावची पोरं, विषय संपला. पण हे उत्तर आम्ही एकदा अनुभवलंय. दोन वर्षांपूर्वी एका ‘एक गाव’ स्पर्धेत आमचा सर्वांत चपळ रेडर बाद ठरला होता. मैदानावर नाही, नोंदणीच्या टेबलावर. तो चौथीपासून खर्ड्यात शिकलेला. त्याचे आईवडील कामासाठी इथे आले आणि इथलेच झाले. आधार कार्डावर मात्र आजोळचं, पाटोदा तालुक्यातलं गाव. आयोजकांनी कार्ड परत दिलं आणि म्हणाले, ‘हा तुमचा नाही.’ त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. जन्माने आणि पत्त्याने ‘आपला’ ठरवायला गेलं की असा एक पोरगा हमखास टेबलापाशी उभा राहतो.

तर मग ‘आपला’ ठरवायचा कसा?

याचं उत्तर मला गावातच मिळालं, तेही अनपेक्षित जागी. खर्डा म्हटलं की कुणीही १७९५ ची लढाई सांगतो. ११ मार्च १७९५. पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले एकत्र आले आणि निजामाला हरवलं. निजाम अली आमच्याच किल्ल्यात अडकला आणि त्याला तह करावा लागला. २०२१ मध्ये त्या किल्ल्याजवळ ७४ मीटर उंच भगवा ध्वज उभा राहिला, तो लांबून दिसला की घर आल्यासारखं वाटतं. आमच्या टीमच्या जर्सीवरही किल्ल्याचं चित्र आहे.

पण त्या लढाईत दोन्ही बाजूंना बाहेरचे खेळाडू होते, हे आम्हाला शाळेत कुणी ठासून सांगितलं नव्हतं. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेरों नावाच्या फ्रेंच माणसाच्या हाताखाली लढल्या. निजामाच्या पलटणी रेमंड नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने उभ्या केल्या होत्या. म्हणजे ज्या विजयाचा आम्हाला अभिमान, तोही खुल्या गटातलाच.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढे काय झालं ते. पेरों आमच्या बाजूने जिंकला, शिंद्यांकडे मोठ्या पदाला चढला, गडगंज झाला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा ऐन वेळी त्याने शिंद्यांची चाकरी सोडली, इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि आपली संपत्ती घेऊन मायदेशी परतला. रेमंड खर्ड्याला हरला. पण तो हैदराबादेतच राहिला आणि १७९८ मध्ये तिथेच वारला. लोक त्याला मूसा राम म्हणायचे, कुणी मूसा रहीम म्हणायचे. हैदराबादेत आजही मूसारामबाग नावाची वस्ती आहे, आणि त्याची समाधीही आहे. दोघेही फ्रेंच, दोघेही पगारी. एक परका राहिला, एक आपला झाला. फरक जन्माचा नव्हता आणि पैशाचाही नव्हता. जिंकण्या-हरण्याचा तर नव्हताच, कारण आपला झाला तो हरलेला.

मला वाटतं, फरक एवढाच की वाईट दिवस आल्यावर कोण तिथे असतो. हरल्यानंतरच्या सकाळी ज्याला त्याच गावात तोंड दाखवायचं असतं, तो आपला. या कसोटीवर पाटोद्याच्या पत्त्याचा आमचा रेडर शंभर टक्के आपला ठरतो. उद्या कुणी भूमचा किंवा सांगलीचा खेळाडू येऊन वर्षभर आमच्या पोरांबरोबर सराव करील, लहानग्यांना पकड शिकवील, तर तोही आपला. पैसे घेऊनसुद्धा. आणि पहाटे चारला जाणारे ते तिघं चांगले खेळाडू होते, सज्जन होते, पण पाहुणे होते.

पण ही कसोटी लावायची तर स्वतःलाही लावावी लागते. तिथेच माझी अडचण झाली. हरल्यानंतरच्या सकाळी मी कुठे होतो? हिंजवडीत, साडेनऊच्या मीटिंगला. ग्रुपवरच्या पोलमध्ये ‘हो’ म्हणणारे मोजले तर निम्मे पुण्यात, काही मुंबईत, एक दुबईत. टीमने वर जावं असं सर्वांत जास्त आम्हालाच वाटत होतं, कारण आम्हाला यूट्यूबची लिंक ऑफिसात दाखवायची होती. वर जाण्याची किंमत आमच्यापैकी कुणाला द्यावी लागणार नव्हती. ती किट घालून आलेल्या पोराने दिली. माझा अमेरिकेतला सहकारीही पदवी घेऊन पंधरा वर्षं झालेला, कॉलेजपासून दीड हजार किलोमीटरवर राहणारा. खेळाबद्दल लांबून प्रेम असणं गुन्हा नाही. पण निर्णय लांबच्यांनी घ्यायचा आणि बाकावर जवळच्याने बसायचं, हे बरोबर नाही.

वर जाण्यात काही वाईट आहे असंही मला वाटत नाही. मी स्वतः तेच केलं. खर्ड्यातून नगर, नगरहून पुणे. माझी कंपनी मला दुसऱ्या कंपनीतून जास्त पगार देऊन घेऊन आली. माझ्यामुळे तिथल्या कुणाची बढती हुकली असेल, तर मी त्याला कधी विचारलेलं नाही. ‘तू कमी पडलास’ असं तोंडावर सांगणं कठीण असतं, म्हणून आपण ते न सांगता नुसती यादी बदलतो. समोरच्याला कळतं ते मैदानावर गेल्यावर. हरण्यापेक्षा हे जास्त लागतं.

यंदा परत पोल निघाला आहे. मी त्यात मत दिलं नाही. त्याऐवजी तीन ओळी लिहिल्या. मतदान जे गावात राहतात आणि सरावाला येतात त्यांनी करावं. बाहेरचा आणायचा तर एका रात्रीसाठी नको, निदान दोन महिने सरावाला हवा. आणि ज्याची जागा जाणार, त्याला कॅप्टनने आठ दिवस आधी घरी जाऊन सांगावं. माझे पाच हजार या वेळी मॅटच्या खात्यात टाका, असंही लिहिलं. मॅट पहाटे चारला परत जात नाही.

काहींनी अंगठे टाकले. एकाने लिहिलं, ‘पुण्यात बसून ज्ञान देऊ नको.’ त्याचंही बरोबर आहे, माझ्याच कसोटीने बरोबर आहे.

भावाने काही लिहिलं नाही. तो सध्या पहाटे पळतो. परवा फोनवर म्हणाला, सोळाशे मीटरची वेळ सुधारली आहे. मी विचारलं, ‘कबड्डी?’ तो म्हणाला, ‘संध्याकाळी जातो की. सांगितलंय त्यांनी मला, यंदा सहा जण पक्के, सातवा ठरायचाय.’