‘सापडला नाही’ आणि ‘नाही’

चांदीपला आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, आंब्याची कलमं संपून साग-ऐनाचं रान लागतं तिथे, माझ्या भाच्याने एक डबा लपवून ठेवला आहे. भाचा जर्मनीत असतो. तिकडे जिओकॅशिंगचं, म्हणजे जीपीएसवरून लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचं, वेड भलतंच. 2000 साली 1 मेच्या रात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला, आणि 3 मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. खेळ तिथून सुरू झाला. डबा पुरायचा नाही. सापडला तर आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, न सापडला तर तशीही नोंद करायची. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं; मला ही दुसरी नोंद फार आवडली.

कारण कुमारिल भट्टांपासून आपल्याकडे वाद चालू आहे तो हाच. जमिनीवर घडा नाही, हे तुम्हाला कशाने कळलं? डोळ्याला तर नुसती जमीन दिसते, ‘नसणं’ दिसत नाही. कुमारिलांच्या परंपरेतले भाट्ट मीमांसक म्हणाले, न दिसणं हेच इथे प्रमाण. त्याला नाव दिलं अनुपलब्धी. पण अट घातली. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत डोकावून ‘घडा नाही’ म्हणणाऱ्याला कोणी विचारू नये. अट पाळलेली ती योग्यानुपलब्धी.

आता भाच्याचा डबा. तो रात्रीच शोधायचा असतो. झाडांच्या खोडांवर नखाएवढे परावर्तक लावलेत, ते दिवसा पाहिलं तर सालीवरचा ठिपकाच वाटतात. अंधारात बॅटरी मारली की चमकतात, आणि एकावरून दुसऱ्याकडे जात डब्यापाशी पोचता येतं. म्हणजे कुमारिलांच्या घड्याला उजेड हवा, आमच्या डब्याला काळोख. आणखी एक गंमत अशी की परावर्तक उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. बॅटरी कमरेशी धरली की चमक फिकी. कानशिलाशी धरली की लख्ख. मी ‘इथे काही नाही’ म्हणत उभी होते, आणि आमची वाडी बघणारे वारली काका, ज्यांना पावसाळ्यात रात्री खेकडे धरायची सवय, त्यांनी बॅटरी कपाळाला लावली आणि म्हणाले, “ती काय, बाई.” एकच रान, एकच वेळ, दोघांचेही डोळे ठीक. फरक हाताच्या उंचीचा.

अर्थात त्यांनी दाखवलेल्यातलं निम्मं कोळ्यांचे डोळे निघाले. पाचोळ्यातल्या शिकारी कोळ्यांचे डोळेही बॅटरीत हिरवट चमकतात आणि जवळ गेलं की पळतात. तेव्हा नुसतं ‘दिसलं’ म्हणूनही भागत नाही.

इथे मला उदयनाचार्य आठवतात. मिथिलेच्या या नैयायिकाने ‘न्यायकुसुमाञ्जली’ लिहिली ती ईश्वर सिद्ध करायला. तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, ईश्वर न मानणाऱ्या चार्वाकाला तो म्हणतो: दिसत नाही म्हणून नाही, असं जर असेल, तर घराबाहेर पडलास की बायकामुलं दिसेनाशी होतात, मग रडत बस, परत घरी कशाला जातोस? तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात असा खोडकरपणा क्वचित भेटतो. त्याचं म्हणणं असं की ईश्वर ही डोळ्याला दिसण्याजोगी वस्तूच नव्हे, म्हणून तो न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मुद्दा बिनतोड आहे. पण याच मुद्द्यावर आमच्या भागात कोणीही बुवा दुकान मांडू शकतो. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरताना पाहून पाड्यावरच्या एका म्हातारीने आम्हाला विचारलं होतं, गुप्तधन काढताय का? ती थट्टा करत नव्हती. गुप्तधनासाठी कोंबड्या-बकऱ्यांपासून नरबळीपर्यंत मजल गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राने पुष्कळ वाचल्या आहेत. 20 ऑगस्ट 2013 ला अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठीचे अघोरी प्रकार येतात. मांत्रिकाचं धन कधीच ‘नाही’ ठरत नाही. मुहूर्त चुकला, बळी कमी पडला, तुमच्यात कोणीतरी अपवित्र होता. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात पुरलेल्या सोन्यावरून रोज ये-जा करूनही ते न सापडणाऱ्या माणसांचा सुंदर दृष्टांत आहे. तोही अशांच्या तोंडी खपून जातो.

भाच्याच्या खेळात हे चालत नाही. डबा ठेवणाऱ्याला आधी सांगावं लागतं की शोध किती अवघड, वाट किती बिकट. दोन्हींना एक ते पाच असे आकडे. रात्रीच या, बॅटरी आणा, ही अटही त्याचीच. म्हणजे योग्यता कोणती ते तोच ठरवतो, पण आधी ठरवतो, माणूस रिकाम्या हाताने परतल्यावर नव्हे. आणि लागोपाठ लोकांनी ‘सापडला नाही’ लिहिलं, तर त्यानेच जाऊन डबा जागेवर आहे का ते बघायचं. नसेल तर नोंद बंद.

दर्शनांकडून आणि संतांकडून एवढी अपेक्षा करणं मला उद्धटपणाचं वाटत नाही. उदयनाने ती पुरी केली होती. ‘न दिसण्याने बाध येत नाही’ एवढं म्हणून तो थांबला नाही. पाचव्या स्तबकात ईश्वर का मानायचा याची अनुमानं एकेक करून मांडली, कोणीही खोडून काढावीत अशी उघड्यावर. बौद्धांशी तो भांडला तोही युक्तिवादाने. आजच्या प्रवचनकारांना तिसरा स्तबक हवा असतो, पाचव्याचे कष्ट नकोत.

ती अनुमानं मी पुन्हापुन्हा वाचली आहेत. मला ती पटलेली नाहीत. कार्य आहे म्हणून कर्ता हवा, इथपर्यंत येते, पण तो एकच आणि सर्वज्ञ, इथे अडते. तिसरा स्तबक मात्र पटला आहे. त्यामुळे देवाच्या प्रश्नावर माझी नोंद ‘सापडला नाही’ अशी आहे. ‘नाही’ असं मी लिहिलेलं नाही, आणि कोणी आग्रह केला तरी लिहिणार नाही.